एका हाताचा शेतकरी आणि पाटाचं पाणी

(तालुका शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना जोडले आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावरच्या बैठकीत वाचून दाखवावे.)



काल रात्री दाव्यांची चर्चा उशिरापर्यंत चालली. एका काकांनी विचारलं, "कागद कागद काय करता पोरांनो? जमीन आम्ही कसतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मग कागद कशाला?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं. म्हणून आज मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. माणूस आपल्याकडचा नाही, फार लांबचा आहे. पण गोष्ट ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल की ही ओळखीची आहे.

संघटनेच्या कचेरीत एक इंग्रजी पुस्तक होतं. डिक्शनरी घेऊन बसले आणि दोन महिन्यांत वाचलं. मग शिबिराला आलेल्या एका पाहुण्या बाईंकडून आणखी माहिती घेतली. जे पक्कं कळलं तेवढंच सांगते.

पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाई नावाची बेटं आहेत. आज ती अमेरिकेत मोडतात. पूर्वी तिथे हवाई लोकांचं स्वतःचं राज्य होतं, स्वतःचा राजा होता. त्यातल्या एका मोठ्या बेटाचं नाव माउई. त्यावर हालेआकाला नावाचा दहा हजार फूट उंच डोंगर आहे. डोंगराच्या एका अंगाला पाऊस धो धो पडतो, ओढे-नाले वाहतात. मधल्या सपाटीवर मात्र पाऊस फार थोडा.

हे लोक काय पिकवायचे? अळू. आपण पावसाळ्यात ज्याची पानं खातो तेच अळू. पण त्यांचं मुख्य अन्न त्याचा कांदा. तो शिजवून, कुटून खातात. त्यासाठी आपल्या भाताच्या खाचरांसारखी खाचरं असतात आणि ओढ्याचं पाणी लहान पाटानं एका खाचरातून दुसऱ्यात सोडतात. हे पाणी वाहतं आणि थंड लागतं. साचलं आणि तापलं की कांदा कुजतो. खाचरातून निघालेलं पाणी पुन्हा ओढ्यात जायचं, खालच्या माणसाला मिळायचं, शेवटी समुद्राला. त्यांच्या जुन्या कथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला 'वाय' म्हणतात आणि संपत्तीला 'वायवाय'. म्हणजे ज्याच्याकडे पाणी तोच श्रीमंत.

त्यांचं शिवार डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एका पट्ट्यात असायचं. वर लाकूड, मध्ये शेत, खाली मासे. सरदार होते, त्यांना वाटा आणि वेठ द्यावी लागायची. सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. पण जमीन विकायची वस्तू नव्हती. आणि कसणाऱ्याला डोंगरावरून लाकूड आणायला कोणी अडवत नव्हतं.

१८२० साली अमेरिकेतून तिथे मिशनरी आले. ज्या अमेरिकन मंडळाने त्यांना पाठवलं, त्याच मंडळाचे मिशनरी त्याआधी १८१३ ला आपल्या मुंबईत आले होते, पुढे नगरकडे गेले. म्हणजे ती माणसं आपल्याला अगदी परकी नाहीत. इथे एक गोष्ट स्पष्ट करते. ही गोष्ट धर्माची नाही. कोणी कुठल्या देवाला हात जोडायचे हे ज्याचं त्यानं ठरवावं. ही गोष्ट जमिनीची आहे.

१८३१ साली ड्वाइट बाल्डविन नावाचा मिशनरी बायकोला घेऊन हवाईला पोचला. तो डॉक्टरकीही करायचा. माउईवर लाहायना नावाचं गाव आहे, तिथे राहिला. १८५३ ला देवीची साथ आली तेव्हा रोग माउईवर पसरू नये म्हणून त्याने लोकांना लस टोचली, खूप धडपड केली. त्याने माणसं वाचवली हे खरं आहे, आणि खरं ते बोललं पाहिजे.

त्याला लाहायनात २९ ऑगस्ट १८४२ रोजी एक मुलगा झाला. नाव हेन्री. आपली गोष्ट या हेन्री बाल्डविनची.

हा पोरगा सहा-आठ वर्षांचा होता तेव्हा बेटांवर काय चाललं होतं ते आधी ऐका. कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

राजाच्या दरबारात गोऱ्या सल्लागारांचं वजन वाढलं होतं. काही जण तर मिशन सोडूनच सरकारात गेले होते. त्यांचं म्हणणं, जमिनीला एक एक मालक पाहिजे, तरच लोक सुधारतील. म्हणून जमीन कमिशन नेमलं. सांगितलं की १४ फेब्रुवारी १८४८ च्या आत ज्याने त्याने आपला दावा लिहून द्यावा. तारीख गेली की दावा गेला.

त्याच वर्षी मोठी वाटणी झाली. राजा आणि सुमारे २४५ सरदार यांनी जमीन वाटून घेतली आणि एक मोठा हिस्सा सरकारचा झाला. मग १० जुलै १८५० ला कायदा झाला की परदेशी माणूसही जमीन विकत घेऊ शकतो. आणि ६ ऑगस्ट १८५० ला, एका महिन्यानंतर, दुसरा कायदा झाला की कसणाऱ्या रयतेला तिची जमीन मिळेल. म्हणजे बाजार आधी उघडला आणि मग रयतेला वाटा दिला.

रयतेला काय मिळायचं? जेवढी प्रत्यक्ष नांगराखाली असेल तेवढीच, आणि घरासाठी पाव एकराच्या आत. पडीक ठेवलेली धरायची नाही. आपली वरकस जमीन आपण दोन-तीन वर्षं टाकतो ना? तशी जमीन गेली. दोन साक्षीदार आणायचे. मोजणी करून घ्यायची आणि मोजणीचा खर्च आपण द्यायचा.

आता कोणी म्हणेल, लोक अडाणी असतील. नाही. मिशनऱ्यांनी त्यांच्या भाषेची बाराखडी केली होती, गावोगाव शाळा काढल्या होत्या, आणि बरेच लोक वाचायला शिकले होते. कायदा त्यांच्याच भाषेत छापलेला होता. तरी जमीन गेली. मला हे वाचून धक्का बसला. मी बारावी झालेय. मला वाटायचं आपण शिकलो की सगळं होईल. पण वाचता येणं वेगळं आणि आपल्या विरुद्ध मांडलेल्या डावात वेळेवर हालणं वेगळं.

का नाही हालले लोक? काहींना वाटलं, सरदाराच्या जमिनीवर दावा लावणं म्हणजे त्याचा अपमान. काहींकडे मोजणीला पैसे नव्हते. १८४८-४९ ला गोवर, डांग्या खोकला आणि तापाच्या साथी आल्या, हजारो मेले, ज्यांच्या घरात मयत ते कुठे कचेरीत जाणार? आणि बरेच जण आपल्या काकांसारखंच म्हणाले असतील की आम्ही कसतो, सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी आठ हजारांवर दाव्यांना जमीन मिळाली. सगळी मिळून सुमारे २८,६०० एकर. बेटांची एकूण जमीन चाळीस लाख एकर. म्हणजे रयतेला शंभरात एक एकरसुद्धा नाही आला.

एवढं झाल्यावर आता हेन्रीकडे या.

हेन्री होनोलुलूला मिशनऱ्यांच्या पोरांसाठी काढलेल्या शाळेत शिकला. त्याला अमेरिकेला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी पैसे जमवायचे म्हणून ऊसमळ्यात देखरेखीच्या कामाला लागला. पण तो उसातच रमला. सॅम्युएल अलेक्झांडर नावाचा दोस्त भेटला, तोही मिशनऱ्याचाच मुलगा. हेन्रीने त्याच्या बहिणीशी लग्न केलं. १८६९ साली दोघांनी माकावाओ भागात सुमारे १२ एकर जमीन ११० डॉलरला घेतली. पुढच्या वर्षी ५५९ एकर, ८,००० डॉलरला.

बघा, बंदूक नाही, मारामारी नाही, सगळं कायदेशीर झालं. त्याने पैसे मोजले, खरेदीखत केलं. त्याच्या बाजूने तो म्हणेल, मी कोणाचं काय घेतलं? मी तर कष्ट केले. आणि केलेच. सकाळपासून घोड्यावर असायचा. पण ती जमीन बाजारात आली कशी, हे त्याने विचारलं नाही. त्याला विचारावं लागलंच नाही. तो लहान असताना ते काम होऊन गेलं होतं.

१८७६ साली दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेशी झालेला करार लागू झाला, हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जाऊ लागली. म्हणजे साखरेचं सोनं झालं. आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात हेन्री आपल्या चरकाचे लाट तपासत होता, त्यात बोटं अडकली. हात ओढला गेला. उजवा हात कापावा लागला. तेहतीस वर्षांचा माणूस. थोड्याच दिवसांत डाव्या हाताने लिहायला शिकला, घोड्यावर बसायला लागला.

पण उसाला पाणी पाहिजे आणि मधल्या सपाटीवर पाणी नाही. पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, जिथे अळूची खाचरं आहेत. दोघा दोस्तांनी ठरवलं की तिकडचे ओढे अडवायचे आणि डोंगराच्या कडेनं पाट खणून पाणी उसाला आणायचं. सरकारकडे अर्ज केला. सरकारने सप्टेंबर १८७६ ला करार करून दिला. भाडं किती? वर्षाला १०० डॉलर. अट एकच, दोन वर्षांत पाट पुरा झाला पाहिजे, नाहीतर सगळं सरकारजमा.

सतरा मैलांचा पाट. मध्ये खोल खोल दऱ्या. शेवटची मोठी अडचण म्हणजे मालिकोची दरी. तिथे पाण्याचे नळ एका कड्यावरून खाली उतरवून दुसऱ्या कड्यावर चढवायचे होते. कड्यावरून दोराने उतरायचं. मजुरांनी सांगितलं, आम्ही उतरणार नाही. तेव्हा हेन्रीने स्वतः दोर धरला. एकच हात. दोन्ही पायांनी दोर पकडायचा, मग हात खाली सरकवायचा, असा खाली उतरला. ते बघून मजूर उतरले. काम संपेपर्यंत तो रोज असा उतरत होता.

तिकडे क्लाउस स्प्रेकल्स नावाचा साखरेचा बडा भांडवलदार कॅलिफोर्नियाहून आला होता. त्याने जुलै १८७८ मध्ये राजाकडून त्याच डोंगराचं उरलेलं पाणी वर्षाला ५०० डॉलरवर ३० वर्षांसाठी मिळवलं. बाल्डविनचा पाट मुदतीत झाला नाही तर तोही त्याच्याच घशात जाणार होता. पण बाल्डविनचा पाट मुदतीत पुरा झाला. पाणी उसात आलं.

ही दोराची गोष्ट तिकडे फार अभिमानाने सांगतात. मलाही वाचताना वाटलं, काय हिंमत! पण मग मी विचार केला. दोराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पलीकडे ज्याच्या खाचरात त्या दिवशी पाणी कमी झालं, त्याचं नाव कोणाला माहीत आहे? त्याची गोष्ट कोणी छापली?

आता मुख्य मुद्दा ऐका, त्यासाठीच ही गोष्ट सांगतेय. १८७६ च्या त्या करारात एक ओळ होती. ओढ्याकाठी राहणाऱ्या कुळांच्या आणि वहिवाटदारांच्या हक्कांना या करारामुळे काही बाधा येणार नाही, अशा अर्थाची. चांगली ओळ होती. पण पाणी मोजणार कोण? कमी पडलं तर दार बंद करणार कोण? तक्रार कोणाकडे? त्याबद्दल काही नाही. दाराची किल्ली पाटवाल्याकडे आणि गाववाल्याच्या हातात फक्त ती ओळ. पुढे आणखी पाट झाले, एकाला एक जोडले, रोजचं कोट्यवधी लिटर पाणी पलीकडे जाऊ लागलं. ओढे आटले. माणसं गाव सोडून शहराकडे गेली.

आपल्याकडे काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या पाड्याच्या वरच्या ओहोळाचं पाणी नळाने खाली चिकूच्या वाड्यांना न्यायचं म्हणून महिनाभर एक कागद फिरतोय. सही करा, अंगठा द्या. त्यात पण तीच ओळ आहे, की गावाच्या पाण्याला बाधा येणार नाही. ती मी वाचली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हवाईची गोष्ट वाचली आणि पोटात गोळा आला.

हेन्रीचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. ऊस वाढला तसे मजूर कमी पडले. हवाई लोक तर साथींनी मरत होते. १८५३ च्या मोजणीत ते एकाहत्तर हजार होते, १८९० मध्ये चाळीस हजारांच्या आसपास. मग चीन, जपान, पोर्तुगालच्या बेटांवरून मजूर आणले. करारावर अंगठा. काम सोडून गेला तर कायद्याने तुरुंग. आपल्या आज्या-पणज्यांना लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबावं लागायचं, तसलाच प्रकार. आपल्याकडे १९४५ ला वारल्यांनी लाल बावट्याखाली एकजूट करून वेठ मोडली. तिकडे तो कायदा १९०० साली गेला.

हेन्री राज्याच्या सभागृहात गेला. १८९३ च्या जानेवारीत ऊसवाल्या, व्यापारी गोऱ्यांनी आणि मिशनऱ्यांच्या काही पोरांनी मिळून लिलिउओकालानी राणीला गादीवरून काढलं. अमेरिकेच्या जहाजावरचे सैनिक होनोलुलूत उतरवले होते. त्याआधीच्या सभेत हेन्रीने सांगितलं होतं की राज्यघटनेच्या मार्गाने जावं. सभेने ते मानलं नाही. म्हणजे त्यांच्यातला हा मवाळ माणूस. पण राणी गेल्यावर तो नव्या राजवटीच्या सभागृहातही बसला. १८९८ ला अमेरिकेने बेटं घेतली. राजाच्या आणि सरकारच्या मिळून अठरा लाख एकर जमिनी अमेरिकेकडे गेल्या. त्याच वर्षी बाल्डविन-अलेक्झांडर मंडळींनी स्प्रेकल्सची साखर कंपनीही हातात घेतली. बारा एकरांपासून सुरू करून बेटातला सगळ्यांत मोठा ऊसवाला झाला. शाळांना, चर्चना देणग्या दिल्या. १९११ साली वारला.

आता तुम्ही विचाराल, हा माणूस चांगला का वाईट? काल दोन पोरं यावरच भांडत होती. मी म्हणते तो प्रश्नच सोडा. बाप लस टोचणारा, मुलगा कष्टाळू, हिमतीचा, दानधर्म करणारा. आपल्याकडेही असे साहेब येतात. गोड बोलतात, पोरांना वह्या वाटतात, आजाऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतात. आपण म्हणतो, साहेब चांगला आहे, देऊन टाक अंगठा. साहेब चांगला असेलही. पण साहेबाचा स्वभाव कागदावर येत नाही. कागदावर येतं ते एवढंच, की जमीन कोणाची, पाणी कोणाचं आणि दाराची किल्ली कोणाकडे. साहेब मरतो, कागद राहतो. हेन्री १९११ ला गेला, पण पाट अजून वाहतोय.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीने रडगाणंच गायलं.

१८५० च्या त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. त्यात लिहिलं होतं की लोकांना आपल्या शिवारातून सरपण, घराचं लाकूड, दोर, छपराचं गवत नेता येईल, पिण्याचं पाणी, वाहतं पाणी आणि रस्ता मिळेल. गुरं चारायचा हक्क मात्र त्यात घातला नाही. हे कलम कित्येक वर्षं फारसं वापरलं गेलं नाही. पण ते कागदावर होतं, खोडलं गेलं नव्हतं. अलीकडे हवाई लोक संघटित झाले आणि तेच कलम घेऊन कोर्टात गेले. १९९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ लोकांचे हे वहिवाटीचे हक्क मेलेले नाहीत, सरकारने त्यांची राखण केली पाहिजे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची एक ओळ नातवंड-पतवंडांच्या कामी आली. ती जर लिहिलेलीच नसती तर?

पाण्याचंही तसंच. १९७३ साली काउआई नावाच्या दुसऱ्या बेटावर दोन साखर कंपन्या एका नदीच्या पाण्यासाठी कोर्टात भांडत होत्या. एक म्हणते पाणी माझं, दुसरी म्हणते माझं. कोर्टाने निकाल दिला की पाणी दोघींचंही नाही. वाहतं पाणी लोकांचं आहे आणि सरकारने ते लोकांसाठी सांभाळायचं. तेव्हा तिथल्या मुख्य न्यायाधीशाच्या अंगात हवाई रक्त होतं. दोघी भांडत बसल्या आणि खरा मालक तिसराच निघाला.

आणि १९९३ साली, राणीला काढल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेच्या संसदेने ठराव करून हवाई लोकांची माफी मागितली. राष्ट्राध्यक्षांनी सही केली. ठरावात कबूल केलं की या लोकांनी आपलं राज्य आणि जमीन राजीखुशीने कधीच दिली नव्हती. पण त्या ठरावाने एक एकरही परत दिला नाही. माफी मागितली ती चांगली गोष्ट. पण खाचरात माफी सोडून अळू पिकत नाही, त्याला पाणीच लागतं. माउईवरचे अळूवाले आजही पाण्यासाठी भांडत आहेत. उरलेत अजून. ते महत्त्वाचं आहे.

आता काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर.

काका, जमीन तुम्ही कसता हे सगळ्या गावाला माहीत आहे, बरोबर. हवाईतही गावाला माहीत होतं. पण कमिशनसमोर गाव गेलं नाही, एकेकटा माणूस गेला, कोणी गेलाच नाही. आपल्या वनजमिनीच्या दाव्याला पूर्वी ३१ मार्च १९७८ ही तारीख लावलेली होती. त्याआधीपासून कसतो हे तेव्हा दाखवावं लागायचं. माझ्या बापाच्या पेटीत १९७४ ची दंडाची पावती निघाली. अतिक्रमण केलं म्हणून दंड घेतला होता. बाप ती पावती लाज वाटते म्हणून लपवून ठेवत होता. आज तीच आमचा पुरावा आहे. ज्या कागदाने आपल्याला चोर म्हटलं, तोच कागद सांगतो की आपण त्या जमिनीवर होतो. पेट्या उघडा, कुडात खोचलेलं बघा, छपरात बघा. पावती नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जुने बांध, लावलेली झाडं. सगळं लिहा.

दुसरं, दावा एकेकट्याने द्यायचा नाही. गावाने बसून, सगळ्यांचे एकदम. विधवा बाईचा राहू नये, रोजगाराला भिवंडीला गेलेल्याचा राहू नये. मोजणीच्या दिवशी सगळा पाडा हजर. साखळी आपण धरायची.

तिसरं, फक्त नांगराखालचा तुकडा लिहू नका. हवाईच्या रयतेची खरी हार तिथे झाली. त्यांना शेताचा तुकडा मिळाला, पण डोंगर गेला, चराई गेली, आणि मग पाणी गेल्यावर तुकड्याचं काय करणार? टाकलेली वरकस लिहा, गुरांची वाट लिहा, लाकूडफाटा, गवत, मोहाची झाडं लिहा, देवाची जागा लिहा, ओहोळ लिहा. सरकार आज मानो न मानो, आपल्या अर्जात ते आलं पाहिजे आणि अर्जाची पोच आपल्याकडे राहिली पाहिजे.

आणि चौथं, तो पाण्याचा कागद. मी असं म्हणत नाही की खालच्या वाडीवाल्याला घोटभर पाणी देऊ नका. मी म्हणते, सही करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. उन्हाळ्यात ओहोळात किती पाणी राहिलंच पाहिजे, हे कुठे लिहिलंय? ते मोजणार कोण? कमी झालं तर दार बंद करायची किल्ली कोणाकडे? या तिन्हींची उत्तरं लेखी आणि सगळ्या गावासमोर आल्याशिवाय कोणाचाही अंगठा उठणार नाही, असं आमच्या पाड्याने ठरवलंय. पुढच्या अमावास्येला आमच्याकडे बैठक आहे. ओहोळाच्या खालच्या अंगाला जे तीन पाडे आहेत त्यांनी जरूर यावं, कारण आमचं पाणी गेलं की तुमचं पण गेलं.

शेवटचं एक सांगते. हवाई लोकांच्या त्या रयतेच्या जमिनीला 'कुलेआना' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ हक्क असाही होतो आणि जबाबदारी असाही, दोन्ही एकच शब्दात. मला तो शब्द फार आवडला. आपण नुसतं हक्क हक्क म्हणतो. ओहोळ आपला म्हणायचा तर वरचं रान राखायला पण आपणच पाहिजे.

एवढंच बोलते. चुकलं माकलं असेल तर मोठ्यांनी समजून घ्यावं.

जोहार. संघटनेचा विजय असो.